परक्यांचं सुतक

त्या उन्हाळ्यात मी पुण्याहून घरी आलो तेव्हा आमच्या घराला बाळंतिणीचा वास होता. ओवा, बाळंतशेपा, भाजलेलं खोबरं आणि शेगडीतल्या गोवऱ्या यांचा मिळून जो वास होतो तो. माझी थोरली बहीण, तिला मी आक्का म्हणायचो, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मी यायच्या थोडंसं आधी तिला मुलगा झाला होता. आतल्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर ती कानाला फडकं बांधून पडलेली असायची. बाजेखाली शेगडी धुमसत असायची. आई दिवसभर चुलीपाशी. आक्काला दर थोड्या वेळानं काहीतरी ऊन ऊन लागायचं, कधी नाचणीची पेज, कधी लसूण घालून मऊ भात, कधी गुळातला अळीव. त्या चुलीचा धूर कौलांतून हळूहळू बाहेर झिरपत राहायचा, आणि मी ओसरीवर पुस्तक मांडीवर घेऊन बसायचो, पण पानं काही उलटत नसत. बाळाचं रडणं, आईच्या बांगड्या, जात्याची घरघर, लांब डोंगरात चाललेला कुऱ्हाडीचा आवाज, हे सगळं एकात एक मिसळून मला गुंगी यायची. पुण्यातल्या खोलीत ही गुंगी कधी आली नाही. तिथं मी सतत जागा असायचो, काहीतरी चुकेल या भीतीनं.

आमचं गाव भाटघरच्या धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, उतारावर. पावसाळ्यानंतर पाणी पार खालच्या आंब्यांपर्यंत चढायचं आणि उन्हाळ्यात मागं सरकायचं. मग बुडालेल्या शेतांचे बांध, जुन्या वाटा, कुणाच्या तरी घराचं जोतं असं एकेक वर यायचं. म्हातारी माणसं काठावर उभी राहून बोटानं दाखवायची, ही अमक्याची विहीर, हे तमक्याचं खळं. मी लहान असताना मला वाटायचं की पाण्याखाली अजून एक गाव आहे आणि तिथली माणसं आपल्याकडे वर बघत असतील. कॉलेजात गेल्यावर असं काही वाटणं मला शोभत नाही असं मी ठरवलं होतं. पण वाटायचं ते वाटायचंच.

गावातून कॉलेजात गेलेला मी पहिला. याचा अभिमान आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, होता की नाही हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मी तिथं काय शिकतो हे त्यांनी एकदाच विचारलं. मी बराच वेळ विचार करून इंग्रजी, इतिहास, तर्कशास्त्र असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बैलाच्या खुराला काय झालंय ते बघायला गेले. शेजारचे तात्या मात्र मला सोडत नसत. ते आबांचे चुलतभाऊ. मी दिसलो की म्हणायचे, "या बॅरिष्टर, आमच्या म्हशीवर दावा लावायचाय." मी हसायचो. हसण्यावाचून दुसरं काय करावं ते मला सुचायचं नाही.

आक्काचे यजमान, आमचे दाजी, लढाईवर होते. मावळातले कितीतरी जण तेव्हा पलटणीत गेले होते, त्यात काही नवल नव्हतं. आदल्या आषाढात ते सुट्टीवर येऊन गेले आणि मग पूर्वेकडे, ब्रह्मदेशाच्या हद्दीवर, गेले. पुष्कळ दिवस काही कळलं नाही. मग होळीच्या सुमाराला वरवे बुद्रुकचा एक शिपाई सुट्टीवर आला, तो मुद्दाम आमच्याकडे वाट वाकडी करून आला. त्यानं सांगितलं की दाजी बरे आहेत, त्यांच्याकडे विमानात माल चढवायचं काम आहे, आणि पुष्कळदा मालाबरोबर त्यांना आतही बसवतात. बाळंतपणाच्या वेळी यायला मिळावं म्हणून त्यांनी साहेबाकडे सुट्टी मागितली आहे, असंही तो म्हणाला. आक्का दारामागं उभी राहून ऐकत होती. तेव्हापासून आकाशात कुठं घरघर झाली की ती हातातलं काम थांबवायची. विमानं तेव्हा अधूनमधून आमच्या डोंगरांवरून जायची. सगळं गाव वर बघायचं आणि विसरायचं. आक्का विसरायची नाही.

ते दिवस राब भाजायचे होते. ज्यांनी मावळातली शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की रोपं टाकायच्या जागेवर झाडांचे डहाळे, शेण, पालापाचोळा, गवत असे थर देतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी ते सावकाश जाळतात. त्या राखेत भाताचं आणि नाचणीचं रोप जोमानं येतं. त्यामुळे वैशाखात आमच्या खोऱ्यात बघाल तिकडे धूर. या डोंगराला, त्या डोंगराला, निळसर, आळसावलेला, वारा नसला की तिथल्या तिथं तरंगणारा. धूर दिसला म्हणून कुणी मान वर करत नसे. धूर दिसला नाही तर म्हातारी म्हणायची, यंदा अमक्याचा राब अजून का राहिला.

त्या सकाळी मी आबांबरोबर वरच्या रानात राब भाजायला गेलो होतो. आमचं रान गावात सगळ्यात उंचावर, त्याच्या वर नुसतं गवत आणि करवंदीच्या जाळ्या. आबांनी वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवलं आणि आम्ही दोघं निर्गुडीचे ओले डहाळे घेऊन कडेनं उभे राहिलो, आग बाहेर आली की झोडपायची. धुरानं डोळे चुरचुरत होते. मग आवाज आला. नेहमीच्या घरघरीसारखा तो नव्हता. मध्येच अडखळत होता, खोकला यावा तसा. तोरण्याच्या बाजूनं एक मोठं, पोट सुटलेलं विमान येत होतं, इतकं खाली की मला त्याच्या बाजूच्या लहान चौकोनी खिडक्या दिसल्या. त्याच्या एका पंखातून धूर निघत होता आणि त्या धुराच्या मुळाशी जाळ होता. भर उन्हात जाळाला रंग नव्हता, नुसती हवा थरथरताना दिसत होती. मला आठवतं ते असं की ते फार हळू चाललं होतं. खरं म्हणजे तसं असणार नाही, पण माझ्या आठवणीत ते अजूनही त्याच गतीनं चाललेलं आहे. ते खाली धरणाच्या पाण्याकडे वळत होतं. वळता वळता त्याची सावली आमच्या राबावरून, आबांच्या अंगावरून, माझ्यावरून सरकत गेली. उन्हात एक क्षण गार वाटलं. मग तो पंख खचला, आणि विमान पाण्याकडे न जाता आमच्याच डोंगराच्या वरच्या सोंडेमागं उतरल्यासारखं नाहीसं झालं. आवाज त्यानंतर आला. पायांखालची जमीन आधी हलली की आवाज आधी आला, हे मला आजही सांगता येत नाही.

हातातला डहाळा घेऊन आबा वर पळत सुटले आणि मी त्यांच्या मागं. सोंडेवर पोहोचलो तेव्हा गवत पेटलेलं होतं आणि आग खाली येत होती. तात्या आणि आणखी चारदोन जण त्यांच्या रानांतून धावत आले. आम्ही आधी ती आग झोडपली. मला वाटतं त्यातच दुपार झाली. आग विझेपर्यंत पुढं जाताच आलं नाही, आणि पुढं गेलो तेव्हा कुणासाठी काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तिथं काय पाहिलं ते मी कधी कुणाला सविस्तर सांगितलं नाही, इथंही लिहीत नाही. माणसं होती. पण कोण होती, गोरी की काळी, म्हातारी की तरुण, हे ओळखता येईल असं आगीनं काही ठेवलं नव्हतं. आजूबाजूला मात्र सगळीकडे बूट पडले होते. विमानात बहुतेक बुटांच्या पेट्या असाव्यात. काही जळून आक्रसलेले, काही अगदी नवे कोरे, करवंदीच्या जाळ्यांत अडकलेले, गवतात उपडे पडलेले. आम्ही सगळे अनवाणी. कुणी एकाही बुटाला हात लावला नाही.

तात्या खाली बसले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. ते म्हणाले की ही सरकारची माणसं, सरकारला कळवू, सरकार येऊन नेईल, आपण यात पडायला नको, उगाच विचारतील की खाली जाळ कुणी केला होता. आबा डोक्याचं मुंडासं सोडत होते. ते त्यांनी जवळच्या एकावर पांघरलं. मग म्हणाले, "नेईल तवा नेईल. आपल्या रानात आल्यात, तवर आपलीच."

या एका वाक्यानं पुढचं सगळं ठरलं. आमच्याकडे गावात मढं असेल तोवर कुणाच्या घरी चूल पेटत नाही. म्हातारं गेलं तर दोन प्रहरात उचलतात, म्हणून कुणाला त्याचं ओझं होत नाही. इथं मात्र मढी परक्यांची होती, उचलायचा हक्क आपला नाही, जाळायचं की पुरायचं ते ठाऊक नाही. आणि सरकार तर डोंगरापलीकडे. तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं आबांचं ऐकलं. मढ्याला एकटं ठेवायचं नाही म्हणून माणसांनी पाळ्या लावून घेतल्या आणि आळीपाळीनं वर जाऊन बसू लागले. आमच्यात तरसांची भीती फार. घराघरांत सकाळच्या शिळ्या भाकऱ्या, ताक, करवंदं यावर भागलं.

पोलीस पाटील पाण्यापलीकडच्या गावात राहायचे. त्यांच्याकडे घोडं होतं, भोरला वर्दी त्यांनीच द्यायची. दुपारी एक गडी होडीनं तिकडे गेला, पण पाटलांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांच्या काठावरूनही धूर दिसला होता, पण आवाज डोंगरापलीकडे घुमला, त्यांना वाटलं कुठं सुरुंग उडवला असेल. ते गड्याला म्हणाले की दरसाल कुणाचा ना कुणाचा राब सुटतो आणि डोंगर पेटतो, यंदा तुमचा सुटला आणि आता इमानावर ढकलताय. त्यांना दोष देता येत नाही. आमच्या खोऱ्यात वैशाखातल्या धुराचा अर्थ एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः गेले, बरोबर विमानाचा एक वाकलेला पत्रा घेऊन गेले, तेव्हा कुठं घोड्यावर खोगीर चढलं.

पण मी आक्काबद्दल सांगत होतो. त्या दुपारी मी काजळलेल्या तोंडानं घरी आलो तेव्हा ती बाजेवर उठून बसली होती. गावातल्या पोरांनी तिला आधीच सांगितलं होतं. तिनं मला खोलीच्या दारापाशी बोलावलं आणि हळू विचारलं, की ते माल न्यायचं इमान होतं का. मी बुटांचं सांगितलं. नुसतं एवढंच, की आत बूट होते. मग तिनं विचारलं, "माणसं आपली व्हती का गोरी?" मी म्हणालो, कळत नाही आक्का. तेवढंच खरं होतं. तिनं आईला हाक मारली आणि शेगडी बाहेर न्यायला सांगितली.

आईनं तिला पुष्कळ समजावलं. आबा घरी आल्यावर त्यांनीही दारातूनच सांगितलं की बाळंतिणीला सुतकाचा बाध नसतो, तिच्यापुरता विस्तव पेटवायला देवाचीसुद्धा ना नाही, हे त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून घेतलंय. आक्का ऐकत होती. मग म्हणाली, "आबा, तुमी परक्या मढ्यासाठी चूल बंद केलीत. आन् बाळाचं वडील त्यात असलं तर मी ऊन ऊन गिळू व्हय?"

आबा वळले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मी तर्कशास्त्र शिकत होतो. पूर्वेकडे एवढी विमानं, एवढी माणसं, त्यातलं नेमकं आपल्या डोंगरावर पडलेलं विमान आणि त्यात नेमके दाजी, हे कसं शक्य आहे, असं मी मनात मांडून पाहिलं. पण दाजींना सुट्टी मिळाली असती तर ते याच दिवसांत निघाले असते, आणि ते मालाच्या विमानात बसतात हे आम्हाला ठाऊक होतं. माझ्या मांडणीत भोक पडलं ते पडलंच. मला वाटतं मी हे आक्काला सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिचं दूध आटलं. आदल्या दुपारपासून तिनं गार पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. बाळ आधी ओरडून रडलं, मग कण्हल्यासारखं रडू लागलं, आणि ते कण्हणं त्या ओरडण्यापेक्षा ऐकवत नव्हतं. आईनं शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं त्याच्या तोंडात पिळलं, ते त्यानं अर्धं ओकून टाकलं. त्याचं बारसंसुद्धा अजून झालं नव्हतं. गाव गप्प होतं. चुली नाहीत म्हणून धूर नाही, दळण नाही म्हणून जातं नाही. कोंबडे आरवत होते तेवढेच. आता आठवताना मला तो दिवस पाण्याखालच्या गावातला वाटतो. सगळं जागच्या जागी, पण वर कुठंतरी काचेसारखं काहीतरी पसरलेलं. आईनं मला ओसरीच्या खांबाशी गाठलं आणि माझ्या सदऱ्याची बाही धरून म्हणाली, "दत्तू, सायेब येईल. त्याला तूच इचारशील. दुसरं कोण हाय आपल्याकडं?"

मी उभ्या आयुष्यात इंग्रज माणसाशी एक शब्द बोललो नव्हतो. आमचे इंग्रजीचे प्राध्यापकसुद्धा मराठीच होते आणि त्यांच्याशी बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची. त्या दिवशी मी वरच्या रानात माझ्या पाळीला बसलो, आबांचं मुंडासं वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या टोकांवर दगड ठेवले, आणि मनात वाक्य बनवत राहिलो. एक बनवलं की ते फार उद्धट वाटायचं. दुसरं बनवलं की त्यात काय विचारायचंय तेच हरवायचं. खाली पाणी चमकत होतं. माझ्यासमोर जे कोणी पडलेले होते त्यांना मी मनातल्या मनात विचारलं, तुम्ही दाजी आहात का? हे लिहायला संकोच वाटतो. पण विचारलं हे खरं.

ऊन उतरताना शिपाई आले. होडीनं पाणी ओलांडून, मग चढ चढून, बरोबर झोळ्यांच्या खाटा आणि ताडपत्र्या. त्यांचा साहेब अगदी तरुण होता, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठा असेल, उन्हानं लालबुंद झालेला. त्यानं सगळं फिरून पाहिलं. मुंडासं उचलून पाहिलं आणि पुन्हा तसंच पांघरलं, दगडसुद्धा परत ठेवले. मग तो एका खडकावर बसला आणि खुणेनं पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तात्या मागून माझ्या पाठीला बोट टोचत होते आणि पुटपुटत होते, "बोल की आता, का म्हशीचाच दावा चालवायचा जन्मभर?"

मी विचारलं. बनवलेलं एकही वाक्य आलं नाही. मी काय शब्द वापरले ते मला आठवत नाही, पण ते फार तुटके होते. मेलेल्यांची नावं कुणालाही सांगता येत नाहीत, तसा हुकूम आहे, असं तो म्हणाला. तो वाईट बोलला नाही, पाठ केलेलं बोलला. मी मान खाली घातली आणि मागं सरलो. आबांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब काय म्हणाला ते त्यांना कळणं शक्य नव्हतं, पण माझ्या तोंडावरून कळलंच असणार. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग मी पुन्हा पुढं झालो. मी त्याला सांगितलं की माझ्या बहिणीला मूल झालंय, तिचा नवरा विमानात माल चढवतो, तो येणार होता, तिनं कालपासून अन्न घेतलेलं नाही आणि मूल रडतंय. हे सांगताना मला रडू आलं. कॉलेजातल्या कुठल्याही मुलासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तिथं काही वाटलं नाही.

साहेबानं तांब्या खाली ठेवला. मग त्यानं हळू आवाजात सांगितलं की आत एकही हिंदी माणूस नव्हता. सगळी गोरी मुलं होती, त्याच्याच तळावरची, काल सकाळी त्यानं त्यांच्याबरोबर चहा घेतला होता. इंजिनाला हवेतच आग लागली असावी आणि विमान चालवणाऱ्याला पाण्यावर उतरवायचं असणार, कारण तो पोहणारा होता, त्याला पाण्याची भीती वाटायची नाही. एवढं बोलून तो उठला आणि शिपायांना हाका मारू लागला.

मी खाली कसा आलो ते मला माहीत नाही. वाटेत पडलो असणार, कारण गुडघा फुटला होता. आतल्या खोलीच्या दारात उभा राहून मी सांगितलं, आक्का, त्यात आपलं कुणी नाही, सगळे गोरे होते, साहेबानं सांगितलं. आईनं भिंतीला डोकं टेकलं. लगेच उठून ती चुलीकडे वळली, आणि तिच्या हातात काटक्या होत्या तेव्हा आक्का म्हणाली, "थांब आय. अजून वरच हायेत ती."

मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "त्यांच्या घरला कळलं असंल का रं?"

मी म्हणालो, नाही, अजून नसेल. तिकडे तार जायला वेळ लागेल.

बाळाला तिनं उचललं, त्याच्या कपाळाला ओठ लावले आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

वरच्या रानातून पाण्याकडे उतरायची वाट आमच्या दारावरूनच जाते. थोड्या वेळानं शिपाई त्या वाटेनं खाली येऊ लागले, खाटांवर ताडपत्रीत गुंडाळलेले त्यांचे सोबती. बाप्ये वाटेच्या कडेनं उभे राहिले. बायका आपापल्या दारांत पदर ओढून उभ्या होत्या, आणि कुणाच्याच तोंडातून आवाज निघत नव्हता. आमच्याकडे बायका मढ्यावर नुसत्या रडत नाहीत, बोलत रडतात. गेलेल्याला नात्यानं हाक मारतात, बाबा, मामंजी, धन्या, माझ्या लेकरा, आणि त्या हाकेतूनच पुढचं सगळं येतं. नात्याशिवाय रडणं सुरूच होत नाही. यांना कुठल्या नात्यानं हाक मारायची? म्हणून सगळं गाव मुकं उभं होतं आणि शिपायांच्या बुटांचा तेवढा आवाज येत होता. न रडता मढं गावाबाहेर जाणं आमच्याकडे फार वाईट समजतात. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. पण पहिला शब्द कुणाला सापडेना.

आक्का उठली. बाळंतिणीनं खोलीचा उंबरा ओलांडायचा नसतो, मढ्यासमोर तर मुळीच यायचं नसतं. आई बाळ घेऊन बसलेली, तिला आक्काला धरता आलं नाही. ती भिंतीला धरत धरत माजघरातून ओसरीवर आली, ओसरीवरून दारात. कानाला फडकं तसंच बांधलेलं, तोंड पांढरंफटक. खाटा तिच्यासमोरून जात होत्या. तिनं ओसरीचा खांब धरला आणि हाक मारली.

"माझ्या दादा रं..."

पुढं ती काय काय बोलली ते सगळं मला सांगता येणार नाही. दादा, तू पाण्याकडं चालला व्हतास रं. दादा, तुझी आय वाट बघत असंल रं. दादा, कुणाच्या रानात आलास आन् घोटभर पाणीबी न पिता चाललास रं. ती हाक सुटली आणि शेजारच्या दारातून दुसरी सुटली, मग तिसरी, आणि सगळी आळी दादा, दादा म्हणून रडू लागली. तात्यांनी तोंडाला उपरणं लावलं. शिपायांची पावलं मंदावली.

साहेब माझ्यापाशी थांबला. ही बाई कोण, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, हीच माझी बहीण. ती कुणाला हाक मारते आहे? मी म्हणालो, तिच्या भावाला. तो माझ्याकडे बघत राहिला, कारण तिचा भाऊ त्याच्यासमोर जिवंत उभा होता. आणखी समजावून सांगायला माझ्याजवळ इंग्रजी नव्हतं. बहुतेक ते लागलंही नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून तो खाटांच्या मागं पाण्यापर्यंत चालत गेला.

दाजी लढाई संपल्यावर परत आले, एक खांदा थोडा अधू झालेला, बाकी धड. पुढं पुष्कळ वर्षं जगले. या गोष्टीबद्दल आक्का त्यांच्याशी कधी बोलली की नाही मला माहीत नाही. मी स्वतः पुढं आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मुलं कधी विचारायची की सर, तुम्ही पहिल्यांदा इंग्रजीत कुणाशी बोललात. मी काहीतरी दुसरंच सांगायचो. ते विमान कुठलं होतं, त्या मुलांची नावं काय होती, हे शोधणं मला नंतर कठीण नव्हतं. का कोण जाणे, मी शोधलं नाही.

होडी मधल्या पाण्यात गेली तेव्हा गावातल्या चुली पेटू लागल्या. एका कौलावर धूर दिसला, मग शेजारच्या, मग सगळ्यांवर. आईनं पेज केली, नाचणीची, गूळ घातलेली. आक्का अंगातलं सगळं बळ गेल्यासारखी बाजेवर पडली होती, तिला उठवून बसवावं लागलं. वाटी दोन्ही हातांत धरून तिनं आधी नुसती वाफ घेतली. मग प्यायली. मी दाराबाहेर माजघरात बसून होतो, आत जायची मला बंदी होती, पण थोडंफार दिसत होतं आणि सगळं ऐकू येत होतं. बाळ कण्हत होतं. आईनं त्याला तिच्या पदराखाली दिलं. बराच वेळ काही झालं नाही. मग कण्हणं थांबलं आणि चुकचुक असा बारीक आवाज येऊ लागला, आधी अडखळत, मग सलग. त्या आवाजाबरोबर आक्का हळूहळू डोलत होती, बाज करकरत होती, आणि तिच्या तोंडून अजूनही तेच शब्द चालले होते, दादा रं, माझ्या दादा रं. तिला बहुधा भानही नव्हतं. आवाज उतरत उतरत गेला, चाल संथ झाली, आणि कुठल्या क्षणी ते रडणं संपून अंगाई सुरू झाली ते मला कळलं नाही. बाळ तेच ऐकत झोपलं.